गुलाबी लोणार: चित्र काय सांगतं, काय नाही

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा लँडसॅट ८ उपग्रहाची दोन चित्रं सगळीकडे फिरली. २५ मेच्या चित्रात पाणी हिरवट, १० जूनच्या चित्रात गुलाबी. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर ही जोडी जरा थांबून वाचा.

आधी चांगली बाजू. उपग्रह एकच, उपकरण एकच, रंगांची मांडणीही एकच. त्यामुळे बदल पाण्यातच झाला, असं ठामपणे म्हणता येतं.

आता मर्यादा बघा. हा उपग्रह त्याच जागेवर १६ दिवसांनी परत येतो. म्हणजे रंग नेमका कोणत्या दिवशी बदलला, हे ही जोडी सांगू शकत नाही. रंगीत पट्ट्यांमध्ये एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा ३० मीटरचा चौकोन. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर त्यात जेमतेम ६० पिक्सेलमध्ये बसतं.

आणि कारण? ते तर चित्रात नाहीच. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव सापडले. चित्राने प्रश्न दिला, उत्तर बाटलीतल्या पाण्याने दिलं.

विवराच्या बाबतीतही तेच. वरून गोल दिसतं म्हणून ते उल्काघाताचं ठरत नाही. ज्वालामुखीचं मुखही गोलच असतं. १९७३ मध्ये खडकांत मॅस्केलिनाइट, म्हणजे जबर धक्क्याने बनणारी काच, सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि उल्काघाताची बाजू भक्कम झाली. बेसॉल्टमधलं हे विवर चंद्र-मंगळावरची विवरं समजून घ्यायला उपयोगी पडतं. गुलाबी रंगाच्या गाजावाजात ही गोष्ट मागे पडली, ही माझी खरी तक्रार आहे.

रंगांचंही तसंच. टेरा उपग्रहावरच्या अ‍ॅस्टर उपकरणाला निळा पट्टाच नाही. त्याच्या 'नैसर्गिक' चित्रातला निळा हिशोबाने भरलेला असतो. हबलच्या १९९५ च्या 'पिलर्स ऑफ क्रिएशन' चित्रात हायड्रोजनचा मुळात लाल असलेला प्रकाश हिरवा दाखवला आहे. ही फसवणूक नाही. वेगवेगळे वायू ओळखता यावेत म्हणून केलेली निवड आहे. ती निवड लपवली, तर मात्र वाचक फसतो.

म्हणून प्रबंधात असं चित्र टाकताना त्याखाली तीन गोष्टी लिहाच: तारीख, उपकरण आणि कोणत्या पट्ट्याला कोणता रंग दिला. त्या नसतील, तर तुमचं चित्र शोभेचं आहे, पुराव्याचं नाही. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येईल.