वैद्याची चूक आणि तिची कबुली

वैद्यानें लिहिलेलें पुस्तक म्हटलें कीं त्यांत यशस्वी उपचारांच्या कथा असावयाच्या, हा आपला जुना समज. मृत्यूच्या दारांतून परत आणलेला रोगी, त्याचे कृतज्ञ नातलग आणि विनयानें मान लववणारे डॉक्टर, इतकें जमलें म्हणजे ग्रंथ सिद्ध झाला. डॉ. अतुल गावंडे यांचें २००२ सालीं प्रसिद्ध झालेलें 'कॉम्प्लिकेशन्स' हें इंग्रजी पुस्तक या समजुतीस छेद देतें, आणि म्हणूनच वीस वर्षें लोटल्यावरहि तें पुनः वाचण्याजोगें वाटतें. ग्रंथकर्त्यांचा जन्म अमेरिकेंतला. वडील मात्र यवतमाळ जिल्ह्यांतील उटी या गांवचे. हा धागा मराठी वाचकास सुखावणारा खरा. तथापि पुस्तकाचें मोल त्यावर अवलंबून नाहीं.

चुकीविषयींचें प्रकरण हा ग्रंथाचा गाभा होय. डॉ. गावंडे तेव्हां शस्त्रवैद्यकाची उमेदवारी करीत होते. हिंवाळ्यांतील मध्यरात्र उलटून गेल्यावर मोटारीच्या अपघातांत सांपडलेली एक स्त्री रुग्णालयांत आणली जाते. तिचा श्वास कोंडूं लागतो. तोंडावाटे नळी घालण्याचे यत्न फसतात. आणि हा उमेदवार गळ्यास छेद देऊन श्वासमार्ग शोधूं पाहतो. पुरेसा उजेड मागून घेतलेला नाहीं, वरिष्ठांस वेळेवर बोलाविलेलें नाहीं. अखेर भूलतज्ज्ञाच्या हातून लहान मुलांसाठीं असलेली बारीक नळी आंत जाते आणि बाई वांचते. आपला दोष लेखकानें कोठेंहि झांकलेला नाहीं. मदत मागण्याचा क्षण आपण कां दवडला, अहंकारानें कीं भाबड्या आशेनें, हें तो स्वतःसच विचारतो. आणि या विचारण्यांत आत्मगौरवाचा लवलेश नाहीं.

या प्रसंगाहून त्यानंतरची सभा अधिक बोलकी आहे. शस्त्रवैद्य दर आठवड्यास बंद दारांआड जमून बिघडलेल्या उपचारांचा ऊहापोह करितात. वरिष्ठ उभा राहून जबाबदारी आपल्या शिरावर घेतो. ज्याच्या हातून चूक घडली, तो निमूटपणें ऐकत बसतो. ही रूढि सभ्य आहे, उपयुक्तहि आहे. पण तिची मर्यादा लेखक नेमकी दाखवितो. चुका टाळावयाच्या तर माणसास अधिक सावध राहा म्हणून भागत नाहीं, कामाची रचनाच बदलावी लागते. एके काळीं भुलीच्या निम्म्या यंत्रांत चकती उजवीकडे फिरविली असतां औषधाचें प्रमाण वाढे, उरलेल्या निम्म्यांत तें कमी होई! तेथें हातास दोष देऊन काय उपयोग?

येथपासून मात्र आमचा मतभेद सुरू होतो. यंत्राच्या रचनेंतील दोष हुडकणारी ही दृष्टि माणसाच्या थकव्यावर पुरेशी स्थिरावत नाहीं. अतिकामानें खचत गेलेल्या एका अस्थिशल्यकाची करुण कथा पुस्तकांत आहे; पण ती मुख्यतः एका व्यक्तीच्या घसरणीची कथा म्हणून मनावर ठसते, कामाच्या पद्धतीवरील आरोप म्हणून नव्हे. वस्तुतः बॉस्टनच्याच एका रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांत झालेला, २००४ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो कीं, चोवीस वा अधिक तास सलग राबणाऱ्या उमेदवारांच्या हातून, आखूड पाळ्या असतां घडणाऱ्या चुकांच्या मानानें, गंभीर चुका सुमारें ३६ टक्के अधिक घडल्या. हा आकडा पुस्तकानंतरचा. परंतु जागरणाचा अनुभव तर लेखकाच्या अंगावरचाच होता.

ही उणीव इंग्लंडांतील ॲडम के यांच्या, २०१७ मध्यें छापलेल्या, 'धिस इज गोइंग टू हर्ट' या रोजनिशीनें बरीचशी भरून काढली. सूतिकागृहांतील अखंड राबणुकीचें हें चित्र विनोदानें भरलेलें आहे. शेवटास मात्र हंसूं घशांत अडकतें. एका प्रसूतींत मूल दगावतें, मातेचें गर्भाशय काढावें लागतें. आणि त्या आघातांतून न सावरलेले के व्यवसायच सोडून देतात. रोग्यामागून घायाळ होणाऱ्या अशा वैद्यास डॉ. आल्बर्ट वू यांनीं २००० सालीं 'दुसरा बळी' असें नांव दिलें. नांव मार्मिक आहे, पण तें जपून वापरावें. पहिला बळी रोगी, हें विसरतां कामा नये.

'कॉम्प्लिकेशन्स' मध्यें परिचारिकेचा आवाज फारसा ऐकूं येत नाहीं, ही दुसरी उणीव. तिची भरपाई डॉ. गावंडे यांनीं २००९ च्या 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' मध्यें केली. शस्त्रक्रियेपूर्वीं सर्वांनीं आपापलीं नांवें सांगावीं, यादींतील बाबी मोठ्यानें वाचाव्या, आणि डॉक्टरानें पायरी गाळल्यास परिचारिकेनें त्यास थांबवावें, इतकी साधी ही रीत. आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती योजिल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें. जिला कालपर्यंत बोलण्याची मुभा नव्हती, तिला ती मिळतांच रोग्याचें आयुष्य वाढावें, ही गोष्ट केवळ रुग्णालयांनीं विचार करावा एवढीच नव्हे.

हें सारें आपल्या घरापर्यंत येऊन भिडतें. रोगी दगावला कीं आपल्याकडे नातलगांचा शोक पुष्कळदां डॉक्टरवर हात टाकण्यापर्यंत जातो. त्यास आळा घालण्यासाठीं महाराष्ट्रांत २०१० मध्यें स्वतंत्र कायदा करावा लागला. कायद्यानें हात आवरतील, विश्वास उत्पन्न होणार नाहीं. काय घडलें हें रुग्णालय खरेपणानें सांगणार नसेल तर नातलगांनीं विश्वास कशावर ठेवावा? आणि खरें बोलणाऱ्याच्या वाट्यास मारच येणार असेल तर त्यानें बोलावें तरी कसें? आपण डॉक्टरास आधीं देव करितों आणि मग माणसासारखा चुकला म्हणून त्यास राक्षस ठरवितों. मधला, थकणारा आणि शिकणारा माणूस आपणांस दिसतच नाहीं. तो या पुस्तकांत दिसतो. वैद्यकीकडे वळूं पाहणाऱ्या मुलामुलींनीं तें वाचावेंच. पण त्यांच्या वडील माणसांनीं तें आधीं वाचलें तर अधिक बरें.