वाहतूक संस्थेच्या ताळेबंदातील ‘प्राप्य वचनचिठ्ठ्या’ : अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातील ऊस वाहतुकीच्या संदर्भात एक चिकित्सा

वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत ‘प्राप्य वचनचिठ्ठ्या’ ही बाब चालू मालमत्तेत, ऋणकोंच्या लगत दाखविली जाते व साध्या उधारीपेक्षा अधिक खात्रीची मानली जाते. उधारी ही खतावणीतील केवळ नोंद असते. वचनचिठ्ठी मात्र 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील कलम 4 नुसार निश्चित रक्कम विनाअट देण्याचे, ऋणकोच्या स्वाक्षरीचे लेखी अभिवचन असते. व्याख्या बिनचूक आहे. परंतु वाहतूक व्यवसायाच्या ताळेबंदास ती जशीच्या तशी लावल्यास वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव असतो.

प्रवासी वाहतुकीत या बाबीस फारसा वाव नाही. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, तेव्हापासून तिकिटाचे पैसे गाडीतच रोख घेण्याची रीत राहिली आहे. 75 वर्षांवरील ज्येष्ठांचा मोफत प्रवास (ऑगस्ट 2022) व महिलांना निम्मे भाडे (मार्च 2023) या सवलतींमुळे महामंडळाचे शासनाकडील येणे वाढले. पण ते प्रतिपूर्तीचे येणे आहे, त्यामागे वचनचिठ्ठी नाही. मालवाहतुकीत भाडे बहुधा उधारीवर असते आणि ग्राहकाने मुदत मागितली की त्याच्याकडून चिठ्ठी लिहून घेतली जाते. म्हणजे चिठ्ठीचा जन्म पुष्कळदा वेळेवर पैसे न मिळण्यातून होतो. ही बाजू पाठ्यपुस्तके क्वचितच सांगतात.

नगर जिल्ह्यात हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो उसाच्या वाहतुकीत. प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचे गाळप 1950-51 च्या हंगामात सुरू झाले व पुढे जिल्ह्यात कारखानदारीचा विस्तार झाला. राज्यातील अनेक कारखान्यांनी तोडणी व वाहतुकीसाठी स्वतंत्र संस्था काढल्या. अशी संस्था बँकेकडून कर्ज उचलते, पावसाळ्यात मुकादमांना व ट्रॅक्टरमालकांना उचल देते आणि त्यांच्याकडून वचनचिठ्ठी लिहून घेते. हंगामात तोडणी-वाहतुकीच्या बिलातून ही रक्कम कापून घेतली जाते.

येथेच वर्गीकरणाचा मूळ प्रश्न उद्भवतो. ही रक्कम रोखीने परत येण्याची अपेक्षाच नसते. ती कामाच्या रूपाने फिटावयाची असते. म्हणून स्वरूपाने ती अग्रिम आहे, चिठ्ठी हे तिचे केवळ तारण. तिला ‘प्राप्य वचनचिठ्ठ्या’ म्हणून दाखविले तर ताळेबंद वाचणाऱ्यास ती मुदतीअंती रोख मिळणारी रक्कम वाटते. वस्तुतः तिचे मूल्य ठरते ते मुकादमाच्या टोळीत किती कोयते प्रत्यक्ष फडात उतरले यावरून. टोळी आलीच नाही, वा अर्ध्या हंगामात निघून गेली, तर स्वाक्षरी तेवढी शिल्लक राहते.

दुसरा मुद्दा तारखेचा. उचल साधारणतः जून ते सप्टेंबरमध्ये वाटली जाते, गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालते आणि ताळेबंद 31 मार्चचा असतो. तेव्हा चालू हंगामाची उचल त्या दिवशी बहुतांशी फिटलेली असावयास हवी. 31 मार्चला या शीर्षाखाली मोठी रक्कम दिसत असेल, तर तिचा बराच भाग ‘अंगावर राहिलेली बाकी’ असण्याचा संभव अधिक. तिला निःशंकपणे चालू मालमत्ता म्हणणे धाडसाचे ठरते. त्यातच मागील बाकी मिळवून नव्या हंगामात नवी चिठ्ठी लिहून घेतली की जुन्या थकबाकीस नवी तारीख प्राप्त होते. मागणी करताच देय असलेल्या चिठ्ठीची दाव्याची मुदत तिच्या तारखेपासून तीन वर्षे असल्याने कायद्याच्या दृष्टीने हे नूतनीकरण समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे येण्याचे खरे वय ताळेबंदातून नाहीसे होते. कंपन्यांना 1 एप्रिल 2021 पासून सुरू झालेल्या वर्षांपासून व्यापारी येण्याचे वयोगटवार विवरण द्यावे लागते. सहकारी संस्थेस ते परिशिष्ट लागू नाही, आणि कंपनीतही हीच रक्कम ‘ऋणे व अग्रिमे’ या शीर्षात घातली की ती त्या विवरणाबाहेर राहते.

चिठ्ठीचे कायदेशीर बळही समजले जाते तेवढे नाही. पुरेसा मुद्रांक नसलेली वचनचिठ्ठी मागाहून दंड भरूनही पुराव्यात घेता येत नाही. कलम 138 मधील फौजदारी तरतूद केवळ धनादेशास लागू आहे, वचनचिठ्ठीस नाही. चिठ्ठीसोबत कोरा धनादेश घेण्यामागील कारण यातच सापडते. चिठ्ठी बँकेकडे वटविली असेल तर ती मालमत्तेतून वगळली जाते, मात्र ती न स्वीकारली गेल्यास येणारी जबाबदारी टिपणांतच शोधावी लागते.

लेखापरीक्षकाने म्हणूनच चिठ्ठीची मूळ रक्कम पाहून थांबू नये. प्रत्येक चिठ्ठीमागील पहिली उचल कोणत्या हंगामातील, गेल्या हंगामात त्या टोळीच्या बिलातून किती कपात झाली व संशयित येण्यासाठी तरतूद केली आहे काय, हे तपासणे आवश्यक आहे. तरीही एक स्तर त्याच्या नजरेबाहेर राहतोच. मुकादम ही उचल पुढे पाथर्डी, शेवगाव, जामखेड अशा भागांतील कुटुंबांना कोयत्यामागे वाटतो. संस्थेच्या वहीत ऋणको असलेला मुकादम त्या कुटुंबांच्या दृष्टीने धनको असतो, आणि त्यांच्या अंगावरील बाकी त्याच्या स्वतःच्या वहीत लिहिलेली असते. ती वही संस्थेच्या लेखापरीक्षणास येत नाही.