‘मुकं जनावर थोडंच फसतं!’ : प्लॅसिबो नक्की कुणाला लागू होतो?

गेल्या आठवड्यात दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला. पीएचडीच्या मुलाखतीत पेपर ‘क्रिटिकली’ वाचा म्हणतात, म्हणजे नेमकं करायचं काय? उत्तर लिहायला बसले आणि आमच्या आत्याचा मोती डोळ्यांसमोर आला. म्हणून आजचा पेपर कुत्र्यांचा. माझा विषय जैवरसायनशास्त्र, मी पशुवैद्य नाही, तेव्हा औषधाचा सल्ला कृपया इथे शोधू नका.

मोती नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर, कराडला आत्याकडे असतो. दोन वर्षांपूर्वी तो मागच्या उजव्या पायाने लंगडायला लागला. डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी लिहून दिली आणि एक्स-रे काढून आणा म्हणाले. आत्याने मोबाइलवर गोळीचं नाव टाकलं, किडनी-लिव्हर असे शब्द वाचले आणि घाबरली. मग ओळखीतल्या एकांनी प्राण्यांसाठीचे ‘नैसर्गिक’ थेंब आणून दिले. जोडीला हळद आणि तिळाच्या तेलाचं मालिश. मी तेव्हा सुट्टीला तिथेच होते. ‘तू सायन्सवाली ना, सांग, देऊ का?’ आत्याने विचारलं. मी म्हटलं, ‘दे की, नुकसान तर काही नाही.’ वर शहाणपणा करून एक वही दिली. रोज मोतीची चाल बघायची आणि दहापैकी गुण लिहायचे. एकदम शास्त्रीय!

ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या आठवड्यात तीन, चार, तीन. दुसऱ्या महिन्यात सहा-सात. चौथ्या महिन्यात एका पानावर आठ आणि पुढे आत्याच्या अक्षरात ‘छान!’. मध्ये दिवाळीचे चार दिवस माझ्या हातचे गुण आहेत. मीही सात दिलेत. पाचव्या महिन्यात आतेभाऊ बंगळुरूहून आला आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, ‘आई, हा जिना चढून वर का येत नाही आता?’ कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शिंप्याकडे असते तशी टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. उजवी अडीच सेंटिमीटरने बारीक भरली. पाय वापरायचाच टाळल्यामुळे स्नायू वाळले होते. वही चढत होती, मांडी उतरत होती.

आता मूळ मुद्दा. घोड्यांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या नैसर्गिक, ‘समग्र’ उपचारांबद्दल काहीही वाचा किंवा ऐका, एक वाक्य हमखास भेटतं: माणसाला प्लॅसिबोने बरं वाटेल, पण जनावराला कुठे माहीत असतं आपण औषध घेतोय? ते बरं झालं म्हणजे औषध खरंच लागू पडलं. ऐकायला बिनतोड आहे. मलाही तेव्हा तो मनोमन पटलेला होता, नाहीतर मी ‘दे की’ म्हटलंच नसतं. पण यात एक गृहीतक लपलंय. ‘बरं झालं’ हे कोण सांगतंय? जनावर तर सांगत नाही. वही मोती लिहीत नव्हता.

याच जागेवर बोट ठेवणारा पेपर मायकेल कॉन्झेमियस आणि रिचर्ड एव्हान्स यांनी २०१२ साली अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये लिहिला. संधिवाताने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांचा डेटा. गंमत अशी की हा डेटा एका वेदनाशामक औषधाच्या चाचणीतल्या प्लॅसिबो गटाचा आहे. म्हणजे जो गट एरवी फक्त तुलनेपुरता ठेवतात आणि विसरून जातात, तोच यांनी उचलून मध्यभागी ठेवला. या कुत्र्यांना औषध मिळालेलंच नव्हतं. त्यांची चाल तीन जणांनी पाहिली: मालकाने, पशुवैद्याने आणि फोर्स प्लेटने. फोर्स प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेला संवेदनशील काटाच म्हणा. कुत्रा वरून चालत गेला की कोणत्या पायावर किती जोर पडला ते कळतं. दुखरा पाय जनावर कमी टेकवतं, आणि काट्याला कुणाचं मन राखायचं नसतं.

निष्कर्ष असा की काट्यावर काही फरक दिसत नसताना मालकांना मोठ्या प्रमाणावर सुधारणा दिसत होती. पशुवैद्यांनाही. एक बारीक गोष्ट मात्र होती: मालकांच्या बाबतीत हा परिणाम दिवसांबरोबर वाढत गेला. हे वाचताना मला आत्याच्या वहीतला तो चढता आलेखच दिसला. लेखकांनी याला नाव दिलं ‘केअरगिव्हर प्लॅसिबो’, म्हणजे सांभाळणाऱ्याला होणारा प्लॅसिबो. औषध कुत्र्याच्या तोंडात, बरं मात्र आपल्याला वाटतं.

बहुतेक जण इथे पेपर मिटतात. तुम्ही मिटू नका, कारण टीका करायची ती आवडलेल्या पेपरवर आधी. या पेपरच्या एका गोष्टीवर माझा आक्षेप आहे. काटा आणि मालक यांचं जुळलं नाही की मालक चुकला, असं त्यात धरून चाललंय. काटा मोजतो दवाखान्यातली काही पावलं, अनोळखी वासात, अनोळखी माणसांमध्ये. मालक बघतो पंधरा दिवसांचं वागणं: झोप लागते का, खेळायला येतो का, उठताना कण्हतो का. पायावरचा जोर तेवढाच राहून कुत्र्याची झोप सुधारली असेल, तर काटा ते सांगणार नाही. दुसरं, ‘प्लॅसिबो’ या एका शब्दात इथे निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात: बघणाऱ्याची आशा, दुखण्याचे आपोआप होणारे चढउतार, आणि मालकाची वागणूक बदलल्यामुळे जनावरात खरोखर झालेला फरक. फक्त प्लॅसिबो गट हातात असेल तर या तिन्ही वेगळ्या काढता येत नाहीत. त्यासाठी अजिबात काहीच न दिलेला आणखी एक गट लागला असता.

चढउतारांचं उदाहरण बघा. कॅरन मुन्याना आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अपस्मार असलेल्या कुत्र्यांवरच्या तीन चाचण्यांमधले प्लॅसिबो गट एकत्र केले. २८ पैकी २२ कुत्र्यांचे झटके प्लॅसिबोवर कमी झाले. आठ जणांचे तर निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले! झटका मोजायला फोर्स प्लेट लागत नाही, आणि आशेने बघितलं म्हणून झटका सहसा अदृश्य होत नाही. मग हे कशामुळे? एक साधं कारण असं की कुत्रा चाचणीत येतो तोच मुळी त्याचा त्रास शिगेला असताना. शिगेनंतर उतार येतोच, औषध द्या, थेंब द्या, नाहीतर नुसतं बसून राहा. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. आत्यानेही थेंब सुरू केले ते मोती सगळ्यात जास्त लंगडत होता त्या आठवड्यात.

जनावराला आपलं काहीच कळत नाही, हेही खरं नाही बरं का. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा माहीत असेल. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाचा. बेरीज विचारली की खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०४ मध्ये एक समिती नेमली, तिला कसलीही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी साधी युक्ती केली: प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था. घोडा गडबडला. विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी किंचित हालचाल बघून तो थांबत होता. घोड्याला गणित येत नव्हतं, माणूस वाचता येत होता. आता अशा घोड्याशेजारी, औषध सुरू केल्यामुळे निर्धास्त झालेला मालक उभा करा. घोडाही सैलावणार. हा फरक खरा आहे, पण तो औषधाच्या खात्यावर मांडता येणार नाही.

आणि तज्ज्ञांच्या डोळ्यांवर तरी किती विसंबायचं? केविन कीगन यांच्या गटाने २०१० मध्ये १३१ घोडे अनुभवी पशुवैद्यांना दाखवले. लंगडणं ठळक असेल तर अमुक पाय लंगडा आहे की नाही यावर ९३ टक्के वेळा एकमत. सौम्य असेल तर ६२ टक्के. हो किंवा नाही एवढंच सांगायचंय आणि नाणं उडवून ५० टक्के जुळतात, हे लक्षात ठेवून ६२ वाचा. पूरक आहार, मालिश, थेंब ही मंडळी बहुतेकदा याच सौम्य गटात आपली किमया दाखवतात.

हे सगळं एका बाजूला झुकलेलं वाटत असेल तर थांबा. कॉन्झेमियस यांचा डेटा ‘इंग्लिश’ औषधाच्या चाचणीतला होता, आणि फसणाऱ्यांत पशुवैद्यही होते. म्हणजे ही कसोटी सगळ्यांनाच लागू. शिवाय नैसर्गिक म्हटलेलं सगळंच तिच्यात नापास होत नाही. जेम्स राउश आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये संधिवात असलेल्या ३८ कुत्र्यांपैकी काहींना माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ने युक्त खाद्य ९० दिवस दिलं आणि फोर्स प्लेटवर मोजलं. ओमेगा-३ वाल्यांपैकी ८२ टक्के कुत्रे पायावर जास्त जोर देऊ लागले, साध्या खाद्यावरच्यांपैकी ३८ टक्के. पेपरच्या लेखकांत पशुखाद्य कंपनीची माणसं होती, हे नोंदवून ठेवा. तरीही मोजणी काट्याची आहे, आणि २०१२ मध्ये घोडे, कुत्रे, मांजरांच्या सांधेदुखीवरच्या पूरक आहारांचा आढावा घेणाऱ्या वांदेवीर्ड यांच्या गटालाही पुरावा एकूण कमकुवतच दिसला, अपवाद कुत्र्यांमधल्या ओमेगा-३ चा. मला मात्र यातला ३८ आकडा जास्त बोलका वाटतो. काहीही विशेष न खाता दर दहांतले जवळजवळ चार काट्यावरसुद्धा सुधारले. तुलनेचा गट नसता तर ८२ ऐकून आपण नाचलो असतो.

माझ्या त्या ‘नुकसान तर काही नाही’ चं काय? लसूण घ्या. घोड्यांना माश्या लागू नयेत म्हणून परदेशात वाळवलेली लसूण चारायची जुनी पद्धत आहे. वेंडी पिअरसन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये चार घोडे घेतले, दोघांना लसूण, दोघांना नाही. भरपूर लसूण खाणाऱ्यांना रक्तक्षय झाला. तांबड्या पेशींत हाइंझ बॉडी, म्हणजे ऑक्सिडेशनमुळे बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे ठिपके दिसले. चारच घोडे? हो, आणि ‘सॅम्पल लहान आहे’ ही पाठ केलेली टीका इथे करू नका. किती घोड्यांना बाधेल, किंवा चिमूटभर लसणीने काय होईल, हे या चारांवरून सांगता येणार नाही. पण बाधू शकतं, कोणत्या मार्गाने बाधतं, आणि कुत्र्यांमध्येही लसणीच्या अर्काने तसंच होतं हे आधी दिसलेलं असताना चार घोडे पुरेसं बोलतात. सॅम्पल लहान की मोठं हे प्रश्नावर ठरतं.

मोतीच्या थेंबांत बहुधा काहीच नव्हतं. नुकसान केलं ते पाच महिन्यांनी.

‘प्रत्येक जनावर वेगळं, उपचार वेगळा, मग तुमच्या चाचणीत ते बसणार कसं?’ हा आक्षेप मुलाखतीत कुणी काढलाच तर उत्तर तयार ठेवा. बसतं. उपचारकाने प्रत्येक जनावर तपासून हवं ते औषध निवडावं. फक्त बाटलीत ते भरायचं की नुसता द्राव, हे तिसऱ्याने चिठ्ठी टाकून ठरवावं. होमिओपॅथीचे असे प्लॅसिबोशी तुलना करणारे प्राण्यांवरचे प्रयोग मॅथी आणि क्लाउसेन यांनी २०१४ मध्ये तपासले, तेव्हा विश्वास ठेवण्याजोगे त्यांना दोनच सापडले. एक बाजूने, एक विरुद्ध. यातून ‘होमिओपॅथी चालते’ निघत नाही, हे उघड. पण ‘चालत नाही हे सिद्ध झालं’ असंही या एका आढाव्याच्या नावावर खपवू नका. माझा स्वतःचा कल कुठे आहे ते तुम्हाला कळलंच असेल. कल वेगळा आणि पेपर काय म्हणतो ते वेगळं.

मोती आता डॉक्टरांच्या गोळीवर आहे, ठरलेल्या तारखांना रक्त तपासतात, वजन चार किलोने उतरवलंय. हे सगळं ऐकून आत्या मला म्हणाली, ‘मग ते माशाचं तेल देऊ का? घरात वास येईल, पण देते.’ घर शुद्ध शाकाहारी! डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवली. गुणांची वही बंद केली. आता दोनच नोंदी: महिन्यातून एकदा दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांनी मोजलेला मांडीचा घेर (तेल सुरू आहे हे त्यांना सांगितलेलं नाही), आणि जिन्याच्या चौदापैकी मोती न थांबता किती पायऱ्या चढला तो आकडा.

रविवारी आत्याचा फोन आला. ‘दहा चढला गं. पण मला वाटतं, मी हाक मारली असती ना, तर अकरावीही चढला असता.’

मी दहाच लिहिले.