आठवणींचा रतीब

दोन वर्षांपूर्वी मी दूधवाल्यावर एक पोस्ट लिहिली होती. पहाट, सायकलची घंटी, कॅनच्या झाकणाचा खणखणाट, डोळे चोळत पातेलं घेऊन दारात उभा असलेला मी, आणि माप झाल्यावर वरून पडणारी जादाची धार. शेवटी ‘आता पिशवी येते, माणूस येत नाही’ असं एक घायाळ वाक्य. मी आजवर लिहिलेल्यांत सर्वाधिक शेअर झालेली गोष्ट तीच. ती पोस्ट वाईट होती. का, ते सांगायचंय.

मराठीत ‘रतीब’ हा शब्द दुधाला लागतो आणि नेमाने पाडल्या जाणाऱ्या लिखाणालाही. सध्या दूधवाल्याच्या आठवणींचाच रतीब चालू आहे. रील बघा, फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड बघा, पुरवण्यांतले लेख वाचा. सगळ्यांत कॅमेरा एकाच जागी, दाराच्या आतल्या बाजूला. दार उघडलं की हा माणूस सुरू होतो, लावलं की संपतो. तो किती वाजता उठला, म्हशी त्याच्या की दुसऱ्याच्या, खोलीत किती जण झोपत होते, यातलं काही कुणी लिहीत नाही. मीही नव्हतं लिहिलं. आणि या लेखांत त्याला हमखास वासुदेव-पिंगळ्याच्या रांगेत बसवतात. वासुदेवाला आपण दान देत होतो. दूधवाल्याशी आपला व्यवहार होता, आणि त्यात आपण चिकट होतो.

आमच्या डोंबिवलीच्या घरात लॅक्टोमीटर होता. काचेची ती नळी दुधात सोडायची आणि कुठवर बुडते ते पाहायचं. आई त्याच्यासमोरच सोडायची. समीक्षेला आपल्याकडे नीरक्षीरविवेक म्हणतात; आमच्या मजल्यावर तो रोज सकाळी साडेसहाला व्हायचा. (लॅक्टोमीटर फसतोही. पाणी घातलं की दूध हलकं होतं, साय काढली की जड. दोन्ही बेतानं केलं तर काटा जागेवर. आईला हे माहीत होतं, त्यामुळे काटा बरोबर आला तरी संशय जायचा नाही.) माझ्या पोस्टमध्ये धार होती, नळी नव्हती. विश्वासाचं नातं वगैरे लिहिताना ही नळी मी सोयीनं विसरलो.

बरं, ज्या काळासाठी आपण हळहळतो त्या काळाला तरी हा माणूस आवडत होता का? मुंबईत १९४९ साली गोरेगावला आरे कॉलनी उभी राहिली, त्यामागे शहरातले तबेले बाहेर काढणं आणि भेसळ नसलेलं दूध देणं हे हेतू होते. म्हणजे सरकार लोकांना गवळ्यापासूनच सोडवत होतं. पुढे कार्ड आलं, केंद्रावरची पहाटेची रांग आली, पातळ पत्र्याचं झाकण असलेली काचेची बाटली आली. माझ्या आजीच्या पिढीतल्या मुंबईकरांना विचारा, त्यांचे डोळे भरून येतात ते त्या बाटलीसाठी. दारात दूध येत नव्हतं, आपण जाऊन आणत होतो, हीच त्यांची गोड आठवण. १९७०ला ऑपरेशन फ्लड सुरू झालं आणि हळूहळू पिशवी घराघरांत पोचली. आता ‘आमच्या वेळी अर्ध्या लिटरची पिशवी असायची’ म्हणणारेही भेटू लागलेत.

याच्या नेमकी उलट बाजूला कॅमेरा ठेवणारी एक कलाकृती आपल्याकडे आहे, आणि तिची पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. श्याम बेनेगलांचा ‘मंथन’, १९७६. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून तो काढला. २०२४मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा मी तो पहिल्यांदा पाहिला. त्यात शहराचं दार जवळजवळ नाहीच. आहे ते दूध काढणाऱ्या बाईचं, स्मिता पाटीलच्या बिंदूचं दार. तिथेही दूध तपासतात. पण डॉक्टर राव ते तपासतो ते तिला नीट भाव मिळावा म्हणून. आमच्याकडची नळी भाव पाडायला होती. काम तेच, हात कुणाचा एवढाच फरक. ‘मंथन’ थोडा प्रचारकी आहे, अमरीश पुरीचा डेअरीमालक जरा जास्तच गोड बोलून गळा कापतो, हे मान्य. पण त्या सिनेमात दूध कुठून येतं हे विसरता येत नाही. माझ्या पोस्टमध्ये ते कॅनमधून येत होतं.

हे सगळं डोक्यात यायला निमित्त झालं एका जुन्या कालनिर्णयचं. पाठीमागे छापलेल्या पाककृतीसाठी आईनं २००८चं कॅलेंडर जपून ठेवलंय. पान उलटलं तर फेब्रुवारी. प्रत्येक चौकोनात तिच्या अक्षरात दीड, दीड, दोन. मध्ये सलग चार चौकोनांत ‘खाडा’. त्या महिन्यात मुंबई-ठाण्यात उत्तर भारतीय टॅक्सीवाले, फेरीवाले मार खात होते. मी तेव्हा चौथीत होतो. आमचा दूधवाला ‘भैया’ होता. पाचव्या दिवसापासून परत दीड, दीड. महिनाअखेरच्या चौकोनात हिशोब केलाय. सहा लिटर वजा.

आईला विचारलं, तो चार दिवस का आला नव्हता?

‘आला नव्हता म्हणून तर खाडा आहे ना,’ ती म्हणाली. मग थोडं थांबून, ‘विचारलं नाही बाई आपण तेव्हा.’

नाव तिला आठवेना. मलाही. पप्पांच्या जुन्या फोनमध्ये त्याचा नंबर ‘दूध’ नावानं होता.

आणि माणूस येत नाही, हे माझं वाक्य तर साफ खोटं होतं. पुण्यात माझ्या फ्लॅटच्या दाराला एक पिशवी टांगलेली असते. रात्री अ‍ॅपवर ऑर्डर टाकली की सकाळी तिच्यात दूध असतं. कुणीतरी जिना चढून येतं, मी झोपलेलो असतो, आणि ‘बेल वाजवू नका’ यावर मीच टिक केलेली आहे. खाड्याला तिथे ‘व्हेकेशन मोड’ म्हणतात. फरक पडलाय तो पैशांत. भैयाला आम्ही महिनाभर वापरून मग पैसे द्यायचो, त्यातूनही कापून. अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये मी आधी पैसे भरतो आणि एकदाही कुरकुर केलेली नाही. लॅक्टोमीटर कुणाच्या तोंडासमोर धरायचा?

परवा मुद्दाम पाचला उठून दार उघडलं. पिशवीत दूध आधीच होतं. खाली जिन्यात पावलं वाजत होती, मग बाइक सुरू झाल्याचा आवाज आला.

पोस्ट मी अजून काढलेली नाही. अजूनही कुणीतरी खाली बदामाचं चिन्ह टाकतं आणि लिहितं, ‘आमचाही असाच होता.’