डावा अंगठा आणि दोन बटणं

उतार संपतो, पायवाट ओढ्याच्या कोरड्या पात्रात शिरते आणि लगेच डावीकडे वळून समोरच्या दरडीवर चढते. इलेक्ट्रिक माउंटन बाईकवर बसलेल्या माणसाला इथे तीन कामं जवळजवळ एकदम करावी लागतात. गियर हलका करायचा, उतारासाठी खाली घेतलेली सीट वर आणायची आणि मोटरची मदत एक पायरी वाढवायची. गियर उजव्या अंगठ्याच्या वाट्याला येतो. उरलेली दोन्ही कामं डाव्या अंगठ्याची. डावी तर्जनी तेव्हा ब्रेकच्या लिव्हरवर टेकलेली असते आणि बाकीची तीन बोटं ग्रिप धरून असतात, म्हणजे अंगठा सुटला की त्या हाताची अर्धी पकड सुटते. मोड बदलणारा खटका चांगला की वाईट, ते या दरडीच्या पायथ्याशी कळतं. बाईक घेताना माणूस मोटरचे न्यूटन-मीटर विचारतो, बॅटरीचे वॉट-तास विचारतो; पण रोज शेकडो वेळा हात लागतो तो या अंगठ्याएवढ्या वस्तूला, आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

मोड म्हणजे पायाने लावलेल्या जोरात मोटरने किती भर घालायची याची पायरी. शिमानोकडे इको, ट्रेल आणि बूस्ट. बॉशच्या डोंगरी मोटरवर इको, टूर, ईएमटीबी आणि टर्बो. स्पेशलाइज्डकडे इको, ट्रेल, टर्बो. युरोपातल्या नियमानुसार ताशी २५ किलोमीटरनंतर मोटरची मदत थांबते, त्यामुळे वेगाच्या उतारावर मोड कुठलाही असला तरी फरक पडत नाही. मोडचा प्रश्न येतो तो चढावर, आणि त्याहूनही जास्त चढ सुरू होण्याच्या त्या क्षणभरात.

हँडलची डावी बाजू एकेकाळी मोकळी झाली होती. पुढचे गियर बदलणारा शिफ्टर तिथे असायचा. २०१२ साली स्रॅमची एक्सएक्स१ आली, पुढे एकच चक्र राहिलं आणि डाव्या हाताचा शिफ्टर हळूहळू गेला. पण जागा रिकामी राहिली नाही. रॉकशॉक्सची रिव्हर्ब २०१० मध्येच आली होती आणि चालता चालता सीट खाली-वर करणारी ड्रॉपर पोस्ट डोंगरात सायकल चालवणाऱ्यांच्या अंगवळणी पडत होती. तिची लिव्हर हँडलच्या खाली, नेमकी जुन्या शिफ्टरच्या जागी जाऊन बसली. अंगठ्याने पुढे ढकलायची, सोडायची. अंगठ्याच्या दृष्टीने हँडलभोवतीची सगळ्यात सुखाची जागा तीच. मोटर आली तोवर त्या जागेचा हक्क ठरून गेला होता.

शिमानोची ई८००० मोटर २०१६ मध्ये आली. तिच्यासोबतचा एसडब्ल्यू-ई८००० हा खटका मला आजही देखणा वाटतो. त्याचं मूळ २०१४ च्या एक्सटीआर डीआय२ मध्ये आहे, म्हणजे तारेऐवजी विजेने चालणाऱ्या गियरच्या शिफ्टरमध्ये. एकावर एक अशा दोन छोट्या पात्या, अंगठ्याच्या कमानीत फिरणाऱ्या. पाती ढकलली की आधी किंचित प्रतिकार येतो आणि मग स्वच्छ खटका बसतो. जाड हातमोज्यातूनही तो हाडापर्यंत पोचतो. यामागची कल्पना फार नेटकी होती. उजव्या हाताच्या पात्या पायाचे गियर बदलणार, डाव्या हाताच्या पात्या मोटरचे. दोन्ही अंगठ्यांना एकच चाल, एकच स्पर्श, एकच भाषा. शिमानोचा जन्म १९२१ साली साकाई शहरात झाला, आणि गियर बदलताना बोटाला काय जाणवावं याचा विचार या कंपनीइतका फार थोड्यांनी केला असेल. तो सगळा विचार या पात्यांत उतरलेला दिसतो.

तरीही ओढ्याच्या दरडीसमोर हा खटका हरतो. पात्या बसतात हँडलच्या खाली, म्हणजे ड्रॉपरच्या लिव्हरच्या शेजारी नाहीतर तिच्या जागेत. चालही तीच, अंगठ्याने पुढे ढकलायची. दोन वेगळी कामं एकाच दिशेच्या हालचालीवर सोपवली की घाईत अंगठा चुकणारच. मोड वाढवायचा म्हणून ढकलावं आणि सीट उसळून वर यावी, किंवा सीट वर घ्यायला जावं आणि मोटर बूस्टमध्ये जावी, असं व्हायला जागा राहते. लिव्हर आत सरकवली तर ती अंगठ्याच्या टप्प्याबाहेर जाते, पात्या आत सरकवल्या तर त्या. एकट्या बघितल्या तर अप्रतिम अशा दोन वस्तू एका हाताला पेलत नाहीत. दोष घडणीत मुळीच नाही. ज्या हातासाठी ही घडण केली, त्याच्यावर आधीच दुसरं काम पडलेलं होतं.

त्यानंतरच्या ई७००० मोटरसोबत, २०१८ मध्ये, शिमानोने जो खटका दिला त्याचं नाव एसडब्ल्यू-ई७०००. दिसायला अगदी साधा. ग्रिपला लागून बसणारं एक बारीक कडं, त्यावर वर एक बटण, खाली एक बटण आणि पडद्यावरची माहिती बदलायला एक तिसरं. पात्यांचा डौल नाही, धातूची चमक नाही. पण तो ई८००० मोटरलाही चालत होता, आणि मूळच्या सुंदर पात्या काढून कितीतरी लोकांनी हे साधं कडं बसवलं. पुढे २०२० च्या ईपी८ मोटरच्या अनेक बाईकवर कारखान्यातूनच हाच खटका आला. माझं मतही याच्याच बाजूने आहे, आणि त्याची कारणं बारकाईने पाहण्यासारखी आहेत.

पहिलं कारण चालीचं. ड्रॉपरची लिव्हर पुढे ढकलायची असते, हे बटण हँडलच्या दिशेने दाबायचं असतं. दिशा वेगळी, त्यामुळे अंगठ्याला विचार करावा लागत नाही. डग्ग्यावर बोटं ठेका धरतात आणि मनगटाचा दाब सूर वर-खाली करतो. वाजवणाऱ्याची त्यात गल्लत होत नाही, कारण हाताचा वेगळा भाग वेगळ्या दिशेने काम करतो. इथेही तसंच आहे. ढकलणं म्हणजे सीट, दाबणं म्हणजे मोटर. थोड्याच दिवसांत हा भेद अंगठ्यात मुरतो आणि डोक्याला त्याची आठवणही राहत नाही.

दुसरं कारण जागेचं, आणि ते मला फार आवडतं. आजच्या हायड्रॉलिक ब्रेकला एक बोट पुरतं. त्या एका बोटाला लिव्हरचं टोक सापडावं म्हणून ब्रेकचं कडं ग्रिपपासून जरा आत सरकवावं लागतं, नाहीतर तर्जनी लिव्हरच्या मधल्या भागावर पडते आणि जोर वाया जातो. त्यामुळे ग्रिप आणि ब्रेक यांच्यात आपोआप एक फट उरते. एसडब्ल्यू-ई७००० नेमका त्या फटीत मावतो. त्याने कुणाची जागा घेतली नाही, कुणाला हटवलं नाही. अंगठाही ग्रिपवरून उठत नाही. त्याचं मूळ ग्रिपला टेकलेलंच राहतं आणि फक्त टोक पुढे सरकतं. दगडगोट्यांवर पकड सुटू नये यासाठी एवढं अंतर फार मोलाचं आहे.

तिसरं कारण खालच्या बटणाचं. जाहिराती नेहमी मदत वाढवण्याबद्दल बोलतात. माझ्या मते मदत कमी करणारं बटण जास्त महत्त्वाचं. मदत कमी पडली तर पाय दोन-चार पेडलं जास्त जोराने मारू शकतात. जास्त झाली तर पायाला उपाय नसतो. ओल्या मुळांवर बूस्ट लागलेला असेल तर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. उभ्या चढावरच्या आखूड वळणात पुढचं चाक उचललं जातं आणि बाईक सरळ जंगलात निघते. ई८००० मोटरचा जोर ७० न्यूटन-मीटर होता, ईपी८ चा ८५. मोटर जितकी ताकदवान, तितकं खाली आणणारं बटण हाताशी हवं. कडं थोडं फिरवून खालचं बटण अंगठ्याच्या मऊ भागाखाली आणता येतं, हा या खटक्याचा न सांगितला जाणारा गुण आहे.

त्याची एक उणीवही सांगायला हवी. चढ इतका उभा असला की उतरून बाईक ढकलावी लागते, तेव्हा चालण्याच्या वेगाची मदत मिळते. युरोपच्या नियमात ती ताशी ६ किलोमीटरपर्यंत असते. त्यासाठी बटण दाबून धरावं लागतं. वीस-बावीस किलोंची बाईक दरडीवर चढवताना, हात वेडावाकडा असताना, एवढ्याशा बटणावर अंगठा टिकवणं जिकिरीचं आहे. जे लोक डोंगरात बाईक बरीच ढकलतात, त्यांनी या एका कारणासाठी मोठ्या बटणाचा विचार जरूर करावा.

डाव्या अंगठ्यावरच्या गर्दीचा प्रश्न बॉशने निराळ्या टोकाने सोडवायला घेतला. २०१७ मध्ये त्यांनी ईएमटीबी मोड आणला. पाय किती जोराने आणि कसा पडतो ते पाहून मोटर मदत स्वतःच कमी-जास्त करते, तेव्हा १२० ते ३०० टक्क्यांच्या दरम्यान. म्हणजे खटका दाबायची वेळच कमी येते. ओढ्याच्या दरडीवर पाय जोरात पडला की मदतही वाढते आणि डाव्या अंगठ्याला फक्त सीटकडे बघायचं उरतं. खटक्याचं रसग्रहण करणाऱ्याला हे कबूल करावंच लागेल की खटक्याच्या अडचणीवरचं सगळ्यात सुंदर उत्तर खटक्यात नव्हतं, मोटरच्या आतल्या गणितात होतं. बॉशचे खटकेही त्याच वाटेने बारीक होत गेले. आधीच्या प्युरिऑनमध्ये पडदा आणि बटणं एकाच डबीत, डाव्या ग्रिपजवळ होती. वाचायला सोयीची, पण डोंगरात ठळकपणे पुढे आलेली. २०२२ च्या मिनी रिमोटमध्ये पडदा नाही, वायरही नाही. मोड कुठला ते वरच्या नळीत बसवलेल्या सिस्टीम कंट्रोलरवरचे दिवे सांगतात: इको हिरवा, टूर निळा, ईएमटीबी जांभळा, टर्बो लाल.

हे रंग मला गौण वाटत नाहीत. चढावर डोळे वाटेवर हवेत, पण नजरेच्या कडेला रंग कळतो. आकडा किंवा अक्षर कळत नाही. म्हणून पडदा निवडताना त्यावर किती माहिती येते यापेक्षा रंग किती लांबून ओळखू येतो ते बघावं.

म्युनिकजवळच्या फाझुआने २०२२ मध्ये राइड ६० मोटरसोबत बटणच काढून टाकलं. ग्रिपशेजारी एक कडं, अंगठ्याने वर लोटलं की पुढचा मोड, खाली लोटलं की मागचा, सोडलं की कडं पुन्हा मधे. तिन्ही मोडना नावं ब्रीझ, रिव्हर आणि रॉकेट, रंग हिरवा, निळा आणि गुलाबी. कल्पना धाडसी आहे आणि हातमोजा किती जाड यावर ती अवलंबून नाही, कारण कडं शोधावं लागत नाही. अंगठा जिथे आहे तिथेच ते आहे. पण बटणाचा खटका जसा बोटाला उत्तर देतो तसं कड्याचं लोटणं देत नाही. मोड बदलला की नाही, हा प्रश्न डोळ्याकडे जातो. हलक्या, साठ न्यूटन-मीटरच्या मोटरवर, लांब आणि गुळगुळीत चढांच्या मुलखात ते छान शोभतं. तुटक, दगडी वाटेवर मला बटणच हवं.

स्पेशलाइज्डच्या पहिल्या लेव्होने तर हँडल पूर्ण मोकळं ठेवलं होतं. मोड बदलायची बटणं खालच्या नळीतल्या बॅटरीच्या बाजूला. हँडल साध्या माउंटन बाईकसारखं राखण्याची ती इच्छा मला समजते. पण मोड बदलायला हात हँडलवरून काढावा लागतो म्हणजे मोड बदलायचाच नाही असं ठरवण्यासारखं. पुढे हँडलवर रिमोट आलाच. स्रॅमने २०२३ च्या ईगल पॉवरट्रेनमध्ये मोडच दोन ठेवले, रेंज आणि रॅली. निवडच दोनांतली असली की अंगठा गोंधळत नाही, हे खरं. चढाचं वैविध्य मात्र दोन पायऱ्यांत मावतं का, ते प्रत्येकाच्या डोंगरावर ठरेल.

खटका निवडला तरी तो बसवण्यात अर्धं सुख असतं, आणि बसवण्याचा क्रम उलटा झाला की चांगला खटकाही वाईट वाटतो. आधी ब्रेक लावावेत, तर्जनी लिव्हरच्या टोकावर येईल असे. मग ड्रॉपरची लिव्हर, अंगठा ग्रिपवर ठेवूनच पोचेल अशी. मग उरलेल्या फटीत खटका, आणि तो कुठल्या कोनात हवा ते पेडलवर उभं राहून ठरवावं, बसून नाही, कारण उभं राहिलं की मनगटाचा कोन बदलतो. वर्षभर जे हातमोजे वापरणार तेच घालून बघावं. वायर असेल तर तिला वळायला ढील ठेवावी. आणि कड्याचा स्क्रू फार आवळू नये. पडल्यावर खटका हँडलभोवती फिरला पाहिजे. घट्ट बसलेला तुटतो, फिरलेला पुन्हा जागेवर आणता येतो.