सूचनेतला हरवलेला कर्ता

कथा-कवितांची समीक्षा आपण पुष्कळ करतो. आज जरा वेगळा मजकूर घेऊ, ज्याला कुणी साहित्य म्हणणार नाही, पण जो हायस्कूलमधली मुलं रोज ऐकतात. परिपाठातल्या बातम्या आणि सूचनावहीतल्या सूचना.

क्रम तुम्हाला ठाऊकच आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, मग बातम्या. आठवीतली एखादी मुलगी वर्तमानपत्रातले चार मथळे वहीत उतरवून आणते. एक दिल्लीचा, एक परदेशातला, एक क्रिकेटचा. पुढे कुठल्याशा तासाला शिपाईमामा सूचनावही घेऊन येतात. बाई वाचतात, सही करतात: ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, उद्यापासून मैदान बंद राहील.’

आता हे वाक्य नीट बघा. कळविण्यात येते. कोण कळवतं? कर्ताच नाही. बंद राहील. कुणी ठरवलं, कशासाठी, किती दिवस? काही नाही. म्हणजे लांबच्या जगाबद्दल मुलांना बातमी मिळते आणि स्वतःच्या मैदानाबद्दल फक्त हुकूम.

कुणी म्हणेल, शाळा चालवायची की वाद घालायचा? रास्त आहे. परीक्षेचं वेळापत्रक, फॉर्म भरायची शेवटची तारीख, यांवर चर्चा कोण मागतंय? कांटनंसुद्धा १७८४ च्या ज्ञानोदयावरच्या निबंधात हा भेद केलाच होता: कामाच्या जागी नियम पाळा, पण त्या नियमाबद्दल लोकांसमोर बोलायची मोकळीक हवी. आपल्या सूचनावहीत पहिला अर्धा भाग आहे, दुसऱ्याला जागाच नाही.

अमेरिकेत याच प्रश्नावर खटला झाला होता. मिसुरी राज्यातल्या हेझलवुड ईस्ट हायस्कूलमध्ये मुलं ‘स्पेक्ट्रम’ नावाचं वर्तमानपत्र काढायची. १९८३ मध्ये मुख्याध्यापकांनी त्यातली दोन पानं काढून टाकली. मजकूर होता मुलींचं गरोदरपण आणि आईवडिलांचे घटस्फोट. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूनं निकाल दिला. मुलं हरली. मला तो निकाल पटत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या, कात्री कुणी लावली हे तिथं सगळ्यांना माहीत होतं आणि त्याला आपली कारणं उघडपणे मांडावी लागली.

आपल्याकडे २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांमध्ये उद्देशिकेचं वाचन सुरू झालं. त्या दीर्घ वाक्याचा कर्ता कोण? ‘आम्ही’. मुलं सकाळी ‘आम्ही’ म्हणतात आणि दिवसभर ‘कळविण्यात येते’ ऐकतात. यातलं कुठलं व्याकरण अंगवळणी पडेल, तुम्हीच सांगा.

उपाय अगदी साधा आहे, खर्च नाही. सूचनेत दोन गोष्टी घाला: ठरवणारा आणि कारण. ‘कुंपणाची भिंत कलली आहे, दुरुस्ती शुक्रवारपर्यंत चालेल, म्हणून मुख्याध्यापकांनी मैदान बंद ठेवलं आहे.’ आणि परिपाठातल्या चार बातम्यांपैकी एक शाळेचीच असू द्या, मुलांनी स्वतः विचारून आणलेली. शुक्रवार उलटून गेल्यावर तीच आठवीतली मुलगी विचारेल, ‘सर, भिंत झाली का?’ तिला उत्तर द्यावं लागेल. शाळेनं एवढी तयारी ठेवली तरी पुष्कळ झालं.