पिठाचा कोंबडा

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा बंगळूरहून आला तो टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घेऊनच. म्हणाला, "आई, हा दोघांनी मिळून खेळायचा आहे. पडद्याचे दोन भाग होतात. एकात तू, एकात मी." मी म्हटलं, मारामारीचा असेल तर मला नको बाबा. तर म्हणतो, "मारामारी आहे, पण पाळीपाळीनं." जशी काही पाळी लावली की हिंसेची धार बोथट होते!

पण मी बसले. आठ दिवस रोज रात्री बसले. आणि मग आमच्या स्वाध्यायाच्या मैत्रिणींना हे कळलं तेव्हा जे बोलणं झालं, त्यातून हा लेख निघाला.

खेळाचं नाव 'बाल्डर्स गेट 3'. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लारियन स्टुडिओजनं तो केला. 2023 च्या ऑगस्टमध्ये आला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. त्याचं मूळ आहे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या 1974 सालच्या खेळात. चार माणसं टेबलाभोवती बसायची, फासे टाकायचे आणि मिळून गोष्ट पुढे न्यायची. इथं टेबलाच्या जागी पडदा आहे, बाकी रीत तीच. फासा 20 बाजूंचा. कुलूप उघडायचं असो की कुणाचं मन वळवायचं असो, फाश्याला विचारल्याशिवाय काही होत नाही. सप्तव्यसनांतलं पहिलंच द्यूत, म्हणून मी जरा बिचकले. पण इथं पैसा लागत नाही, आणि दान कसं पडेल याचा भरवसा नाही हे तर आपल्या रोजच्या जगण्यातही खरंच आहे.

लढाई सुरू झाली की सगळे आपापल्या क्रमानं थांबतात. आपली पाळी आली की थोडं चालायचं, एक मोठं काम करायचं, एक छोटं. मग हात बांधून बसायचं. आईला हे फार अवघड जातं हो. लेकाची पाळी चालू असताना माझं तोंड सुरूच, "अरे तिकडे नको, इकडे जा." तिसऱ्या दिवशी तो शांतपणे म्हणाला, "आई, माझी पाळी आहे." मी गप्प बसले. त्यानं केलेली चूक मी शेवटपर्यंत नुसती पाहिली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच असेल.

एक गंमतही सांगते. रात्री तळावर विश्रांती घ्यायची तर शिधा लागतो, नेहमीच्या पातळीवर 40 गुणांचा. वाटेत सापडेल ते गोळा करायचं. मुलगा मांस-मासे, दारूच्या बाटल्या, बटाटे, कांदे, गाजरं सगळं पोत्यात भरत होता. मी माझ्या भागात सफरचंदं आणि पाव तेवढे उचलले. "आई, पडद्यावरही कंदमूळ चालत नाही?" मी म्हटलं, तुझं तू बघ, माझ्या पोत्यात नको. आम्ही त्या रात्री अर्धपोटी झोपलो.

आता मैत्रिणींचा आक्षेप. एकजण म्हणाली, हा सरळ अनर्थदंड आहे. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातले अपध्यान आणि दुःश्रुती इथं दोन्ही आले. विनाकारण मनात वध आणायचा, विनाकारण वधाच्या गोष्टी ऐकायच्या. दुसरी म्हणाली, अगं चित्रंच ती, कुठं जीव आहे त्यात? मला दोन्ही म्हणणी अर्धी वाटली. का, ते खेळातल्याच दोन प्रसंगांवरून सांगते.

पहिला प्रसंग. निर्वासित माणसांनी एका वनात आसरा घेतलाय. त्यांच्यातल्या एका लहान मुलीनं तिथली मूर्ती चोरली, म्हणून वनाची कागा नावाची कारभारीण तिच्यावर साप रोखून उभी आहे. तिच्याशी बोलून पोरीला सोडवायचं. दोघं खेळत असले तरी बोलणं ज्यानं सुरू केलं, निवड त्याचीच. दुसऱ्यानं ऐकायचं, आणि फार तर आपल्याला कोणतं उत्तर बरं वाटतं ते दाखवायचं. मुलगा बोलत होता. त्याचं एक उत्तर जरा उर्मट होतं, पण मला आवडलं, म्हणून मीही त्यावर पसंती दिली. दान वाईट पडलं. साप चावला, पोर गेली. मुलगा म्हणाला, "मी मारलं." मी म्हटलं, नाही रे, दोघांनी.

कृत, कारित, अनुमोदित हे तीन शब्द आपण आलोचना पाठात किती वेळा म्हणतो. अनुमोदना म्हणजे नेमकं काय, ते मला त्या पसंतीच्या एका बटणानं दाखवलं. एकट्यानं खेळायच्या खेळात हे कळलं नसतं.

दुसरा प्रसंग गॉब्लिनांच्या छावणीतला. अस्वलाच्या रूपातल्या एका माणसाला पिंजऱ्यात घातलंय आणि गॉब्लिनांची पोरं त्याला दगड मारतायत. लढाई पेटली की ती पोरं पळतात, बाहेरच्यांना सावध करायला. एक पोर दाराकडे निघालं आणि नेमकी माझी पाळी आली. माझ्या हातात धनुष्य. "आई, थांबव त्याला, नाहीतर सगळी छावणी अंगावर येईल!" या खेळात शत्रूला न मारता नुसतं बेशुद्ध करायची सोय आहे, पण ती हातघाईच्या वारासाठी. बाणाला ती नाही. मी बाण सोडला नाही. पाळी तशीच संपवली. पोर गेलं, छावणी आली, आम्ही दोघंही पडलो. मुलगा चिडला, "खेळ आहे गं हा!"

खेळच आहे. पण आपल्याकडे यशोधराची कथा आहे. सोमदेवसूरींनी 959 मध्ये 'यशस्तिलकचंपू' रचला, जन्न कवीनं 1209 मध्ये कन्नडमध्ये 'यशोधरचरिते' लिहिलं. आमच्या बेळगावकडच्या बायकांना ही गोष्ट दोन्ही भाषांतून ठाऊक असते. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. मुलगा म्हणतो, जीव मारणार नाही. मग तडजोड होते, पिठाचा कोंबडा. त्या पिठाच्या कोंबड्याच्या बळीसाठी मायलेकांना जनावरांचे जन्म फिरावे लागतात, तो मोर होतो, ती कुत्रा. पिठाला दुखलं नाही. पण संकल्प खरा होता. आईनं सांगितलं, मुलानं केलं, भोगलं दोघांनी.

ही कथा मानायची, तर "चित्रंच ती" असं म्हणून सुटता येत नाही. पण मग ती दुसऱ्या बाजूनंही मानायला हवी. खोट्या कोंबड्यावरचा वार खरा धरायचा, तर खोट्या पोरावर न सोडलेला बाणही खराच धरायला हवा. ज्या खेळात मारण्यावाचून गत्यंतर नसतं, तो निव्वळ अपध्यान. ज्यात हात आवरायची जागा आहे आणि आवरला तर त्याची किंमतही मोजावी लागते, तिथं थोडी तरी परीक्षा होते.

म्हणून खेळाला मी निर्दोष म्हणत नाही. बेशुद्ध केल्याचे गुण मिळतात, पण अशा माणसांना पुढची गोष्ट बहुतेक वेळा विसरून जाते. दया दाखवल्याचं काही उरत नाही. आणि मोठा दोष म्हणजे मागची नोंद उघडायची सोय. पोर गेली? मागे जा, पुन्हा दान टाका. आपण प्रतिक्रमणात मागे वळतो ते केलेलं पुसायला नाही, केलेलं पाहायला. नोव्हेंबर 2023 मध्ये एकच नोंद ठेवणारी 'ऑनर मोड' नावाची कठीण पातळी खेळात आली. माझ्या मते खरी तीच.

आम्हीही नोंद उघडली, खोटं कशाला सांगू. मुलीचा प्रसंग मात्र तसाच ठेवला, तो मुलाच्याच सांगण्यावरून. फक्त छावणीचा पुन्हा खेळलो. लढाई पेटायच्या आधी तो म्हणाला, "या वेळी मी दारात उभा राहतो. पोरं बाहेर जाणारच नाहीत, मग तुला बाण सोडायचा प्रश्नच नाही." तो दारात उभा राहिला, वार झेलत राहिला, आणि मी माझ्या पाळीची वाट पाहत बसले. एक शब्द बोलले नाही.

मैत्रिणींनो, मुलं हा खेळ खेळणारच. एकदा त्यांच्या शेजारी बसा. काय मारतात ते पाहण्याआधी, कुणाच्या सांगण्यावरून मारतात ते पाहा. कदाचित ते सांगणारं माणूस आपणच असू.